अनंतनं पाठवलेला चहा

"हॅलो? … हाव, मीच. देवकीच बोलून राहिली. … ताई? बोल ना वं. … थांब, जोरात बोल जरा, खरखर होऊन राहिली लाइनीवर."

फोन घरमालकीण यमुताईंचा होता. नागपुरात सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत तेवढा एकच. कुणाचा फोन आला की यमुताई जिन्याखालून हाक मारत, भाडेकरू धावत खाली येई, आणि यमुताई वालाच्या शेंगांचं ताट घेऊन फोनशेजारच्याच खुर्चीवर बसत. फोनचे पैसे त्या कुणाकडून घेत नसत. सगळं ऐकायला मिळे, त्यातच त्यांची वसुली होई. देवकी कणकेच्या हातानं तशीच खाली आली होती.

"मजेत आहो आम्ही. … पोरं बरी आहेत. … ते जाऊ दे, भाऊजींचं सांग. ताप तर नाई ना पुन्हा? … हो ना, तो उतरून चार महिने झाले, माहीत आहे. मी तोंडाच्या चवीचं विचारून राहिली. … अजून नाई आली?"

"… कोणता चहा?"

देवकीनं रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

"हां हां, तो. अनंतचा. … केला का? … कधी? … परवा. बरं. … मंग, काय म्हणाले भाऊजी?"

अनंत म्हणजे फोनवरच्या या ताईचा, कन्हानच्या कौसल्याताईचा मुलगा, देवकीचा भाचा. मालवाहू जहाजावर फिटर होता. तैवानच्या बंदरात जहाज थांबलं तेव्हा तिथल्या कुणीतरी त्याला उंच डोंगरावरचा ऊलाँग चहा पाजला. ना दूध, ना साखर, आणि तरी वास असा की अनंतला आपला बाप आठवला. गिरिधररावांना टायफॉइड झाला होता. ताप गेला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. वरण द्या नाहीतर माती द्या, त्यांना सगळं सारखंच. अनंतनं घरी कळवलं, की बाबांची जीभ या चहानं जागी होईल म्हणजे होईलच. नागपूरचा एक पोरगा त्याच्या जहाजावर होता, सुटीवर येताना तो डबा घेऊन आला आणि मावशीच्या घरी देऊन गेला. डबा पुढे कन्हानला जायचा होता. गेलाही. फक्त सक्करदऱ्याहून कन्हानला पोचायला त्याला होळीपासून मेपर्यंतचा वेळ लागला.

"काहीच नाई लागलं? … अगदीच काही नाई? … आणि तुले? तुले कसा लागला? … तू नाई पिला? घोटभरही नाई? … अवं, त्यांच्यापुरता आहे म्हणून काय झालं, घोटभरानं काय कमी होणार होतं. …"

पुढचं ऐकताना देवकी हळूहळू भिंतीला टेकली.

"दोन दिवस? … काहीच खाल्लं नाई? … नुसतं पाणी. … असे कसे म्हणतात? … 'अनंतच्या चहानंही झालं नाई, म्हणजे आता संपलं, लाकडासारखं जगायचं तर जेवून काय करू.' … असं म्हणाले? … डॉक्टर काय म्हणतात? … सलाइन. … रडू नको वं ताई. ऐक ना. ऐक माहं. तू पाणी कसं घेतलं होतं?"

यमुताईंनी एक शेंग सोलली आणि पुढची हातात धरून ठेवली.

"नाई नाई, तसा नाई करत तो. पातेल्यात टाकून उकळला ना तू? … तेच तर. अवं, तो आपल्या चहासारखा खळखळ उकळायचा नसते. पाणी उकळलं की खाली घ्यायचं, थोडं दम खाऊ द्यायचं. चिनी मातीचं लहानसं भांडं असलं तर बरं. आधी गरम पाण्यानं भांडंच शेकून घ्यायचं. मंग पत्ती टाकायची. पहिलं पाणी घातलं की लगेच ओतून द्यायचं, ते प्यायचं नाई. … हाव, फेकायचंच. ती पत्ती धुतल्यासारखी होते. मंग दुसरं पाणी, ते लवकर काढायचं. … त्याच पत्तीवर हाव, चार-पाच वेळा होते. आणि खरी मजा तर तिसऱ्या पाण्याले आहे ताई, तेव्हा वास असा वर येते, बगीच्यात संत्र्याले बहर आल्यावर येते ना…"

ती थांबली, पण उशीर झाला होता.

"… मी कशाले पिईन? … तो पोरगा सांगून गेला ना. जहाजावरचा. … हो, संत्र्याचंही त्यानंच सांगतलं. नागपूरचाच आहे ना तो. …"

"… गोळ्या? … हाव, पत्तीच्या वळलेल्या गोळ्या असतात म्हणून अनंतनं लिहिलं असेल. मिऱ्याएवढ्या, बरोबर. … मोकळी पत्ती आहे? … चुरा? … बसमध्ये दबला असेल गं डबा. … गर्दी किती असते त्या बसले."

यमुताई आता शेंगा सोलत नव्हत्या. नुसत्या ताटात हात घालून बसल्या होत्या.

डबा बसमध्ये दबला नव्हता. झालं होतं ते असं. डबा आला त्या दुपारी देवकीनं झाकण उघडून फक्त वास घेतला. दुसऱ्या दुपारी, भाऊजींना द्यायच्या आधी करायचं कसं ते तरी शिकून घ्यावं, म्हणून चिमूटभर टाकून पाहिला. तिच्या मते ते शिकणंच होतं. घरात दिवसाकाठी चहाची चार आधणं व्हायची, सगळ्यांना देऊन झाल्यावर चोथ्यावर पाणी घालून ती आपला घोट घ्यायची. हा चहा मात्र तिनं पहिल्यांदा स्वतःला ओतला. नवरा चंद्रभान कचेरीत, पोरं शाळेत, खिडकीला वाळ्याचा पडदा, आणि हातात तो पिवळसर पाण्याचा कप. तिसऱ्या दुपारी पुन्हा. मग रोज. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं कुणी पाहत नाही, तशी गत.

डबा खाली खाली जायला लागला तेव्हा तिला घाम फुटला. पण उमललेली पत्ती टाकवेना. पाचव्या पाण्यालाही थोडा रंग सुटतो, म्हणजे तिच्यात जीव आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. उन्हाळ्यात गच्चीवर ती सगळंच वाळवत होती, कुरडया, सांडगे, शेवया. वाळवलेली वस्तू वाया जात नाही हे ती आईच्या घरी शिकली होती. तिनं पत्तीही वाळवली आणि डब्यात भरली. रोज थोडी काढली, रोज थोडी भरली. शेवटी डब्यात फक्त भरलेलीच राहिली, आणि डबा काठोकाठ पाहून तिला जवळजवळ बरं वाटलं. मग तो तिनं कन्हानला पाठवून दिला.

"… काय? … भाऊजींले? … नको, नको, त्यांले कशाले उठवते. … खाट दुकानातच आहे? फोनजवळच? … अवं पण त्यांले त्रास… ताई. ताई?"

कन्हानला गिरिधररावांचं बियाण्यांचं दुकान घरालाच लागून होतं. आजारपणापासून त्यांची खाट तिथेच, पोत्यांच्या मागे टाकलेली.

"… नमस्कार भाऊजी. … हो, देवकी. … आवाज किती खोल गेला तुमचा. … भाऊजी, तुम्ही जेवून का नाई राहिले? ताई रडून राहिली ना. … असं कसं. येईल चव, टायफॉइडनंतर लागतो वेळ. … चहानंच होते असं थोडीच आहे. … अनंतले वाईट वाटेल? त्याले कोण सांगते. … हं? … हळू काहून बोलून राहिले? … नाई सांगत ताईले. सांगा."

देवकीनं डोळे मिटले आणि रिसीव्हर कानात घट्ट दाबला.

"… तिखट?

… चहा तिखट लागला? … घशाले झोंबला. … ठसका आला. … आणि ताईले नाई सांगतलं. … 'चहा कुठे तिखट असते, जीभ गेली आता डोकंही गेलं म्हणतील.' … नाई भाऊजी. नाई. असं नाई म्हणणार कोणी."

गच्चीवर एकच जुनं धोतर पसरलेलं होतं. अर्ध्यावर भिवापूरच्या मिरच्या, उरलेल्या अर्ध्यावर पत्ती. संध्याकाळी गोळा करताना हात तेच.

म्हणजे या माणसाची जीभ शाबूत होती. धोतरावरच्या मिरचीचं बोट लागलं होतं तेवढंही त्या जिभेनं ओळखलं होतं. आणि तो माणूस दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. खरं सांगायचं तर जीभ शाबूत आहे याचा देवकीला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच तिला जास्त लाज वाटली.

"भाऊजी, ऐका. तुम्हाले बरोबर लागलं. तिखटच होता तो. … खरंच सांगून राहिली. माह्या घरी मिरच्यांजवळ होता तो डबा. मिरच्या वाळत घातल्या होत्या ना, त्यांच्याजवळ. मिरची लागली असेल पत्तीले. … म्हणजे जीभ चांगली आहे तुमची. काही झालं नाई तुमच्या जिभेले. जेवा आता. …"

एवढ्यावर निभावेल असं तिला वाटलं. इतकं खोटंही नव्हतं ते. पण गिरिधरराव बियाण्यांचे व्यापारी. मुठीत दाणा घेतला की पोत्याचा तळ कसा आहे ते सांगणारे.

"… हं? … हो, मिरची लागली. … चहाची? … चहाची चव…"

"… बरोबर आहे तुमचं. मिरची कळली तर चहाही कळायले पाहिजे होता."

देवकीला अजून एक थाप सुचत होती, डब्याला भोक होतं, वास उडून गेला. तीही चालली असती कदाचित. पण मग तो माणूस पुन्हा भिंतीकडे वळला असता, आणि या खेपेला ती मिरचीही त्याला स्वतःचा भास वाटली असती.

"भाऊजी, चहाची चव त्याच्यात नव्हतीच. … नव्हती म्हणजे नव्हती. … मी पिला तो.

… मीच. एकटीनं. रोज दुपारी. … ह्यांले माहीत नाई, कोणालेच नाई. … तुम्हाले पाठवली ती माही वापरलेली पत्ती होती. गच्चीवर वाळवून भरली. मिरच्यांच्याच धोतरावर. … हाव. चोथा पाठवला मी तुम्हाले. आजारी माणसाले. …

भाऊजी? … आहा ना तुम्ही?"

तिनं एकदा यमुताईंकडे पाहिलं. त्यांनी ताट मांडीवरून खाली ठेवलं होतं. उद्या दुपारपर्यंत गल्लीला कळेल, हे देवकीला ठाऊक होतं. त्याचं तिला आत्ता काही वाटेना.

"… हो. आहे मी. … कसा होता?

… नका विचारू ना भाऊजी. … मी कोणत्या तोंडानं सांगू. … बरं. सांगते.

आधी तर काहीच नाई लागत. कोमट पाणी म्हणावं असं. आणि गिळल्यावर येते. मागून. घशातून वर चढते गोडी, साखरेची नाई, कोवळ्या कणसाचा दाणा असते ना दुधाळ, तशी. आणि कप रिकामा झाला तरी त्याचा वास घेत बसावं वाटते. दुपारी पिला तर दिवे लागेपर्यंत तोंड गोड राहते. … हाव. इतका चांगला होता. … रडून नाई राहिली मी. …

… काय म्हणता? … कोणाले, ताईले सांगून राहिले? … भाकर? … आणि ठेचा. … भाऊजी, दोन दिवसांच्या उपाशी पोटी ठेचा नका खाऊ. … बरं, जिभेले लावण्यापुरता. … हो. हो, भात-वरणासोबत. … द्या, ताईले द्या."

पलीकडे भांडं ठेवल्याचा, दार लोटल्याचा, कुणीतरी लगबगीनं चालल्याचा आवाज येत राहिला. देवकी पदराच्या टोकानं रिसीव्हरवरची कणीक पुसत उभी राहिली. कणीक वाळून गेली होती, निघता निघेना.

"… ताई. … हो. … भाऊजींनी सांगतलं ना सगळं? … बोल ना. शिव्या दे पाहिजे तितक्या. … बोल वं काहीतरी.

… हं?

… हाव. … हाव ताई, एक शब्द टाकला असता तर तू अर्धा डबा दिला असता. … आवडला म्हणून सांगायचं होतं. … माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं मले. लहानपणापासून तूच देत आली. …

… 'मंग काहून नाई मागितला?'

… मागितला असता तर अर्धाच मिळाला असता ना, ताई."

पलीकडे रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला, आपटल्याचा नव्हे, नुसता ठेवल्याचा. देवकीनंही ठेवला. यमुताईंनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं आणि तिच्याकडे न बघता शेंगा सोलायला लागल्या.