गाडीच्या कपाळावरची सारिका

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. आणि मागं खांबाला टेकलेल्यांनो — सुपारी नंतर कातरा, पळून जात नाही ती.

आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. आम्ही बुवा लोक जन्मभर घसा कोरडा करतो — नाव घ्या, नाव घ्या! तुम्हीही घेता. छान घेता. पण ज्याचं नाव घेतलं, तोच उद्या तुमच्या दारात येऊन उभा राहिला तर? आत घ्याल? का म्हणाल — 'नावापुरता ठीक होतास बाबा, आता आलास तसा जा'?

हसू नका, उत्तर द्या! नाही देत ना? मग मीच देतो. आणि आज देवाची गोष्ट नाही सांगत. ट्रकची सांगतो!

मघाशी चपला काढताना बाहेरच्या गाड्या बघितल्या मी. एकीवर 'आईचा आशीर्वाद', एकीवर 'स्वराली', एका टेम्पोवर 'ताईसाहेब'. एकानं मलाच विचारलं, 'बुवा, तुमच्या मोटारसायकलचं नाव काय?' अहो, तिलाही नाव आहे! रोज सकाळी किक मारताना घेतो. पण ते देवळात घेण्यासारखं नाही!

तर मंडळी, सांगलीकडं दौलत खराडे म्हणून एक ट्रकवाला. हळदीची पोती वाहायचा. त्याला लेक झाली, आणि बारशाच्याच दिवशी पहिला ट्रक दारात आला. झालं! पाळण्यात सारिका आणि दारात सारिका. पेंटर बोलावून केबिनच्या कपाळावर तांबड्या अक्षरांत नाव लिहिलं, दोन्ही बाजूंना कमळं काढली. पुढं तो ट्रक विकला, दुसरा घेतला, तिसरा घेतला — नाव तेच. बाजारात कुणी विचारलं, 'दौलतराव, सारिका कशी आहे?' की हा मिशीत हसायचा. 'कुठली? सहा चाकांची का दोन पायांची?'

आणि माया किती! व्यापारी म्हणायचा, 'अजून वीस पोती टाका की.' हा वाकून चाकावरच्या पाट्यांना हात लावायचा. पाटे म्हणजे ते लोखंडी — सगळा भार त्यांच्यावर येतो. मग म्हणायचा, 'न्हाई शेठ. माझी लेक हाय ही. तिला झेपंल तेवढाच माल.' भर रस्त्यात पाटा जरा कुरकुरला तरी गाडी उभी! हा खाली उतरणार, गुडघ्यावर बसणार आणि विचारणार, 'काय झालं गं बाई?'

वा! असा बाप पाहिजे, म्हणता ना? थांबा.

दोन पायांची सारिका मोठी झाली. कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं, स्थळ आलं, उरकून टाकलं. सासर घाटापलीकडं. नवरी सासरी निघाली तीसुद्धा आपल्या नावाच्याच ट्रकमधून. गाव कौतुकानं बघत होतं.

तीन वर्षं गेली. दसरा आला. सकाळपासून दौलतनं स्वतःच्या हातानं गाडी धुतली. झेंडूच्या माळा, लिंबू-मिरची, सगळं साग्रसंगीत. दुपारी व्यापारी जेवायला यायचे होते. हा स्टुलावर चढून कपाळावरच्या नावाला हळदी-कुंकू लावतोय — आणि फाटकातून सारिका आत आली! पायात चप्पल नाही. पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला.

आईनं, वत्सलाबाईनं, आरतीचं ताट खाली ठेवलं आणि तो पदर बाजूला केला. गळ्यावर बोटं उमटलेली होती. मोजता येतील अशी.

"आबा," पोरगी म्हणाली, "मला न्हाई झेपत आता."

मंडळी, शब्द ऐकलात? कुणाचा शब्द हा? त्याचाच! वीस वर्षं हाच शब्द सांगून व्यापाऱ्यांना परत पाठवत होता तो!

दौलत कळवळला का? कळवळला. खोटं कशाला बोलू देवासमोर? हातातल्या कुंकवाच्या वाटीसकट स्टुलावरून खाली उतरला तो. पण त्यानं आधी फाटकाकडं बघितलं — कुणी बघत तर नाही?

"पावणे यायच्या आत निघायचं, बाळा. मी सोडतो."

"अवो, राहू द्या की चार दिस," वत्सलाबाई म्हणाली. "सण हाय."

"आन् चार दिसांनी? उद्या गाडी बाजारात उभी ऱ्हाईल. लोक बोट दाखवतील — ही बघा, न नांदणाऱ्या पोरीच्या नावाची गाडी! कोण भरंल माल हिच्यात? नाव कमावलंय मी, वत्सले. ते जपाय नको?"

बघा! पोरीच्या नावापायी पोरीला हाकललं! मला सांगा, ते नाव होतं कुणाचं? त्यानं कमावलेलं म्हणे! जिचं होतं ती अनवाणी उभी होती अंगणात, आणि तिला पाणी विचारायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

निघाली गाडी. झेंडूच्या माळा हलताहेत, केबिनमध्ये बापलेक. घाटात मागचा पाटा कुरकुरला. दौलतनं करकचून ब्रेक मारला. उतरला, गुडघ्यावर बसला, पाट्याला हात लावला. "काय झालं गं बाई?"

वर बसलेल्या लेकीनं ते ऐकलं. तीन वर्षांत हा प्रश्न तिला एकानंही विचारला नव्हता. आता बापानं विचारला, तोही चाकाला!

सासरच्या दारासमोर गाडी थांबली. "उतर, बाळा," दौलत म्हणाला. "जमवून घे. थोडं सोसावं लागतंच."

ती उतरली. उतरताना सीटखालचा ग्रीसचा डबा उचलला तिनं. दौलतला कळेना, ही काय करतीय! ती पुढं गेली, बंपरवर चढली, मूठभर काळं ग्रीस घेतलं आणि कपाळावर फासलं. हळद, कुंकू, नाव — सगळ्यावर! दोन्ही हातांनी! एक अक्षर दिसेना.

"आता ही कुणाची लेक न्हाई, आबा," ती म्हणाली. "भरा हिच्यावर हवं तेवढं."

आणि वळली. सासरच्या दाराकडं नाही, बापाकडं नाही. शंभर पावलांवर फाटा होता, एसटी लागलेली होती. तिकडं चालू लागली.

आता दौलतनं काय केलं? सांगा ना! बाप आहे, धावला असेल, नाही का? हात धरला असेल, चल घरी म्हणाला असेल?

त्यानं फडकं घेतलं, मंडळी! डिझेलमध्ये बुडवलं, बंपरवर चढला आणि नाव पुसायला लागला. दसऱ्याचा दिवस, कपाळ काळं — कसं चालेल? पोरगी रुसलीय, जाईल कुठं, फाट्यावर बसेल, असं त्याला वाटलं. 'सा' पुसला. 'रि' पुसली. मागं कंडक्टरची डबल बेल वाजली. ऐकली त्यानं! पण 'का' अजून काळाच होता. तोही घासून घासून पुसला. नाव लख्ख झालं. मग मान वळवली. रस्त्यावर नुसती धूळ होती.

सहा वर्षं झाली. सारिका कुठं आहे, कुणाला ठाऊक नाही. तिनं कळवलं नाही, आणि का कळवावं? वत्सलाबाई ताट वाढते आणि आत निघून जाते, नवऱ्याशी शब्द बोलत नाही. ट्रक मात्र फिरतोय. बाजारात कुणी विचारतं, 'दौलतराव, सारिका कशी आहे?' 'ठणठणीत,' तो म्हणतो. 'पाटे नवे टाकलेत.' कुठली, हे आता तो विचारत नाही. आणि गावात कीर्तन असलं की पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या वर आवाज काढून नाव घेतो!

चिडलात ना दौलतवर? चिडा. मीही चिडलोय, सहा वर्षं. पण चिडून झालं की जरा स्वतःच्या दाराकडं बघा.

आता आरती होईल. प्रसाद घ्याल, बाहेर पडाल. गाडीला किल्ली लावायच्या आधी तिच्या कपाळावरचं नाव वाचा. मोठ्यानं वाचा! मग घरी जा, आणि त्या नावाचं जे माणूस चुलीपाशी, खाटेवर, घाटापलीकडं बसलंय, त्याच्यापुढं गुडघ्यावर बसा. चाकापुढं बसता ना, तसंच! आणि विचारा — काय झालं गं बाई?

आणि ती बोलली, तर फडकं शोधू नका. डबल बेल झाल्यावर एसटी थांबत नाही, मंडळी.