पोतारलेल्या भिंती

हॅलो? …हॅलो! व्हय, सोलापूरच. मी मनकर्णाच बोलतीया. द्या, टेंभुर्णी द्या…

कोण, सोजर? अगं जरा मोठ्यानं बोल… व्हय, आत्ताच दवाखान्यातनं आले. तुझा नवरा बसलाय लेकीच्या, बकुळाच्या उशाशी.

…न्हाई उतरला ताप. खोटं कशाला सांगू? काल हुडहुडी भरली हुती, आज नुसती पडून हाय. …अगं रडू नको, ऐक ना! रक्त तपासलं. हिवतापच हाय. डोक्यात चढलाय म्हणत्यात.

…नजर? कसली नजर घेऊन बसलीस! डास, सोजर, डास! डॉक्टरांनी पहिलं काय इचारलं ठावं हाय? घरात डीडीटी मारली हुती का. मी म्हणलं, मारली की, श्रावणात. तर म्हणले, त्यावर भिंती पोतारल्या का?

…तेच तर! घट बसायच्या आधी तू आन् आईनं पांढऱ्या मातीनं चारी भिंती लख्ख केल्या. डास चावतो आन् भिंतीला टेकतो, तितं औषध लागून मरतो. औषधच मातीखाली गाडल्यावर मरंल कसा? …तुला बोलत न्हाई गं. सणाला औषधानं डागाळलेली भिंत कोण ठेवतंय आपल्यात?

…काय? आज आल्यात फवारणीवाले? आपल्या आळीत? मग पोस्टात काय करतीयास तू! …घराला कुलूप? आईनं? आन् किल्ली? …कनवटीला खोचून तुझ्यासंगं आली? दे, तिला दे फोन.

आई? …व्हय, मागच्या बारीला फवारणीनं मांजर मेलं, ठावं हाय मला. …वास येतो, व्हय. …व्हय, दिवाळी तोंडावर आलीय. आई, ऐक की माझं! बकुळा डोळं उघडंना. कालपातूर आज्जी-आज्जी करत हुती, आज हाक मारली तरी ओ देईना. मला लई भ्या वाटतंय गं…

…आता रडून काय? सोजरच्या काखंला बारकं हाय अजून. त्याला चावल्यावर काय करशील? दार उघड त्यांना. पीठ, भांडी, पाळणा, समदं अंगणात काढ. आन् मागनं पोतारू नको. दिवाळीला बी न्हाई. लक्ष्मीला दिसू देत डाग! …आई? ऐकतीयास न्हवं? …आई?

कोण, सोजर? आई कुटं गेली? …पळाली? तिला तर आधाराबिगर चार पावलं टाकवत न्हाईत! …वहाणा तितंच टाकून?

मग तू का हुबी? घे त्या वहाणा आन् पळ तिच्यामागं! फवारणीवाले म्होरल्या आळीत गेलं तर हाका मारून आणा माघारी. बकुळापाशी मी हाय… सोजर? …सोजर?

हॅलो? …व्हय, कळलं, तीन मिनिटं झाली. …आणखी वाढवून? नको हो. कुणाशी बोलू? दोघी बी घराकडं पळाल्यात.