विद्वानाची बिननावी पोर

"लेक माझा आत नावांवर भाषण ठोकतोय, आणि पोटची पोर वर्षाची झाली तरी बिननावाची."

परिषदेतल्या चहाच्या रांगेत, नातीला कडेवर घेतलेल्या आजीबाई मागच्या बाईला सांगत होत्या.

"मग हाक कशी मारता, आजी?"

"शुक् शुक्. वळून बघते बिचारी, मांजरासारखी."

"सुचत नाही का त्यांना?"

"सुचतं की. रोज एक ठरवतो नि रोज खोडतो. एकाचा अर्थ पटत नाही, दुसऱ्याचं मूळ सापडत नाही."

भाषण आटोपून लेक बाहेर आला.

"आई, तू इथे कशी?"

"या पंडित. आज दिवस मावळायच्या आत हिचं नाव ठरव, नाहीतर मी ठेवते. आणि मी ठेवलेलं सुटत नाही. मामाला विचार, साठी उलटली तरी अजून भोपळ्याच आहे तो."