बाबांच्या डब्यातली एकोणीस नाणी

मी, वय एकसष्ट वर्षे, धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांना पॉलिश करण्याचा, राहणार बस आगारामागची गल्ली, गिऱ्हाइकांत 'चकचकदादा' म्हणून ओळखला जाणारा, आज रविवारी सकाळी साडेदहा वाजता कुणी न बोलावता पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की,

माझी थोरली बहीण शेजारच्या इमारतीत एकटी राहते. आमचे वडील बस कंडक्टर होते. सरकारने एखादं नाणं बंद केलं की वडील त्यातलं एक ठेवून घेत आणि तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून थैलीत टाकत. अशी एकोणीस नाणी बहिणीकडे पत्र्याच्या डब्यात आहेत. एकावर राजाचं तोंड आहे, एक अंधारातही बोटाला कळावं असं नागमोडी कडेचं, एक इतकं हलकं की अलगद ठेवलं तर पाण्यावर तरंगायचं. कुठल्या नाण्यात तेव्हा किती तिकिटं यायची हे वडील आम्हाला तोंडपाठ सांगत. भोकाचं नाणं ते दोऱ्यात ओवून गळ्यात घालत. त्यावर त्यांच्या घामाचा काळा डाग होता.

आज बहिणीचा पासष्टावा वाढदिवस आहे. तिला चकित करावं म्हणून मंगळवारी ती डोळे तपासायला गेली असता मी तो डबा नेला. डबा मला घरकामाच्या मावशींनी काढून दिला. त्या तिथे बावीस वर्षं आहेत. त्या म्हणाल्या, "दादा, ताईंना विचारलंत का? काळीच बरी दिसतात ती." मी म्हणालो, "गंमत आहे हो. तुम्ही फक्त बोलू नका."

दुकानात मी एकोणीसही नाणी मशीनवर धरली. डाग निघेना म्हणून भोकाच्या नाण्याला दोनदा पॉलिशचा मसाला लावला. तो निघाल्यावर मला आनंद झाला होता, हे लिहून घ्यावं. संध्याकाळी सहाच्या आत डबा जागेवर ठेवला.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता बहिणीचा फोन आला. ती रडत होती. "बाबांची नाणी गेली रे! कुणीतरी नवी खोटी आणून ठेवलीत. बाबांचा डागसुद्धा नाही. मावशींना विचारलं तर नुसतं म्हणतात, दादांना विचारा. तुला काही माहीत आहे का?"

मी काय घासून टाकलं ते मला तेव्हा कळलं. तरी मी खोटं बोललो. मी म्हणालो, "मला काय माहीत?" तिचा फोन स्पीकरवर होता आणि मावशी तिच्यासमोर उभ्या होत्या, हे बहिणीने नंतर सांगितलं.

बहिणीच्या तक्रारीवरून मावशींना शुक्रवारी आणि शनिवारी इथल्या बाकावर बसवून ठेवलं. त्यांची कामाची बाकीची तीन घरंही सुटली. दोन्ही दिवस मी दुकान उघडलं होतं.

डब्यातली नाणी खरी आहेत. मावशींनी काहीही चोरलेलं नाही. आज इथे येण्याआधी मी त्यांच्या घरी गेलो आणि पोलिसांपुढे माझं नाव का घेतलं नाही असं विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका म्हणाला होतात. मला वाटलं, तुम्हीच सांगाल."

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात फोनवरच्या माझ्या उत्तराबद्दल 'गैरसमजातून माहिती दिली नाही' असं लिहिलं होतं. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'खोटं बोललो' असं केलं आहे. आता तो बरोबर आहे.