खालून दुसरी ओळ

नाही नाही, चष्मा कशाला, डॉक्टर – तसंच वाचतो. तुम्ही आधी फॉर्म भरा. धंदा? बॉक्सिंगचा कोच, एकतीस वर्षं. तुमच्या वडिलांनी लगेच ओळखलं असतं मला – माझी सगळी पोरं याच खुर्चीत तपासून गेलीत, त्यातले सहा जण देशात पहिले आले, उगाच नाही सांगत. अजूनही हॉलमध्ये शिरलो की सगळे उभे राहतात. आज तुमची सही मिळाली की दोन वर्षं परवाना, आणि परवाना आहे तोवर हॉल माझ्याकडे – बास, एवढंच काम आहे.

ऐका, तक्त्यावरची खालून दुसरी ओळ. ग, प, र, म, ल, ट. उलटी म्हणू? ट, ल, म, र, प, ग. काय – पाठ आहे? असेल की, तेवढ्या वेळा ऐकलीय... म्हणजे म्हणवून घेतलीय. भाच्याकडून, बहिणीच्या एकुलत्या एका मुलाकडून. डावीकडून येणारा ठोसा त्याला उशिरा दिसायचा. मला कळलं होतं – न कळायला काय झालं, पॅड धरून समोर मीच उभा असायचो. पण अंतिम लढत नऊ दिवसांवर आलेली, मध्ये ही डोळ्यांची तपासणी – मग काय, दोरीवरच्या उड्या मारताना ओळ घोकून घेतली, एका उडीला एक अक्षर. डोळे उत्तम, असं तुमच्या वडिलांनीच लिहून दिलं. त्यांचा दोष नाही हो त्यात.

दुसऱ्या फेरीनंतर कोपऱ्यात आला, म्हणाला, "मामा, डावीकडचं काहीच दिसत नाहीये." मी म्हटलं, एकच फेरी राहिलीय. जिंकला – त्या सहांतला सहावा तोच. दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटले होते, पदक गळ्यात घातलं तेव्हा ते त्यानं बोटांनी चाचपून बघितलं.

बहीण मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं – ताट वाढते, पाणी ठेवते, समोरून उठून जाते. तो मात्र रोज माझ्याबरोबर हॉलवर येतो, ठोशांच्या बॅगेशेजारी बसतो, नुसत्या आवाजावरून सांगतो कोणाचा डावा हात खाली पडतोय, आणि चुकत नाही. तेवढंच उरलंय त्याला. म्हणून हा परवाना, डॉक्टर, माझ्यासाठी नाही. गेल्या आठवड्यात एका नवशिक्याचा ठोसा पॅड सोडून माझ्या जबड्यावर बसला – सगळे हसले, मीही हसलो. भाचा तेवढा हसला नाही.

लिहीत का नाही तुम्ही? तक्त्याचं काय? वाचला की आत्ता तुमच्यासमोर... रंग द्यायला काढलाय? म्हणजे भिंतीवर आज काहीच नाहीये?

कधीपासून?

असू द्या. फॉर्म राहू द्या तुमच्याकडेच. तो बाहेर बाकावर बसलाय, त्याला इतक्यात काही सांगू नका – फक्त दार उघडून द्या, आणि पायरी कुठं आहे तेवढं मला सांगा.