केळसकरांचा हवालदार

रत्नागिरीच्या स्टँडवर संगमेश्वरची गाडी अजून लागली नव्हती. बाकावरच्या म्हातारीनं शेजारच्या पोरीला विचारलं.

"बाय, तीनच्या आत पोचेल काय गो?"

"एवढी कसली घाई, आजी?"

"टीव्हीवर केळसकरांचा पिक्चर लागणार तीनला. गेले ना ते परवा. टीव्हीवाल्यांना मेल्यावर आठवण झाली!"

"कोण केळसकर?"

"हवालदार व्हायचे ते. तोंडातून शब्द नाही. नुसती टोपी काढून डोकं खाजवलं की अख्खं थेटर लोळायचं. पोस्टरवर मेल्यांनी कधी नाव घातलं नाही. आता पेपरात फोटो आला, तोही दुसऱ्याच कुणाचा!"

"मोबाईलवर लावून देऊ?"

"नको. एकटीनं बघितलं तर ते नुसतंच डोकं खाजवतात."

"घरी टीव्ही नाही?"

"आहे की, भिंतीएवढा. झिलानं, माझ्या लेकानं, दुबईहून पैसे धाडले. आमचे हे होते तोवर दोघं हसायचो."

"मग संगमेश्वरला कोण?"

"बहीण. ठार बहिरी. पण केळसकरांचं ऐकायचं काय असतं? मी हसले की तीही हसते."

"गाडी लागली, आजी!"

"धर पिशवी. ते सुरुवातीलाच येतात गो, मग परत दिसत नाहीत."