थरथरता चंद्र

अरे, आपले वानखडे सर आठवतात का? शाळेच्या गच्चीवर टिनाचा घुमट करून त्यात दुर्बीण बसवलती त्यायनं. एका संध्याकाळी घाबरून म्हणतात, "चंद्र थरथर कापून राह्यला बे. माहे डोळे गेले!"

मी पाह्यलं, तर मलेही तसाच दिसे! घुमट दिवसभर तापून भट्टी झालता. आतली गरम हवा दुर्बिणीपुढं हालत होती. कापसाच्या मंदीत गावातली सरकी काढायची जिनिंग गिरणी बंदच होती. तिथला एक्झॉस्ट पंखा मागून आणला, घुमटाले बसवला. गरम हवा निघाली अन् चंद्र जागच्या जागी थांबला. सरांचा जीव भांड्यात पडला.

घरी पाय ठेवताच ओरडले, "डोळे एकदम चांगले हायेत माहे!"

सरांच्या बायकोनं, आपल्या काकूनं, तांदळाची परात पुढं सरकवली, "मंग खडे निवडा आता!"